वेशीवरचा संगणक आणि परतीची वाट

‘नेट गेले’ ही तक्रार व्यापारी घरांत आता ‘वीज गेली’ इतकीच नित्याची झाली आहे. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. वीज जाते तेव्हा सर्वांचीच जाते आणि ती गेली आहे याविषयी घरात दुमत होत नाही. नेटचे तसे नसते. गादीजवळच्या संगणकावर जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही, माडीवर नातवाचा मोबाइल मात्र सुरळीत चालतो. गोदामातले कॅमेरे दिसतात, पण तेथल्या काट्याचे वजन दुकानात पोहोचत नाही. कंपनीचा माणूस येतो, भिंतीवरच्या आपल्या पेटीतला हिरवा दिवा दाखवतो आणि ‘आमच्याकडून सर्व चालू आहे’ असे सांगून निघून जातो. तो खोटे बोलत नसतो. दोष त्याच्या पेटीच्या अलीकडे आणि आपल्या संगणकाच्या पलीकडे, अशा मधल्या जागेत असतो, आणि त्या जागेची मालकी कोणीच सांगत नाही.

पुष्कळ पेढ्यांवर त्या मधल्या जागेत एक जुना संगणक बसलेला असतो. आमच्या हट्ट्यासारख्या गावात दुकान खाली, गोदाम मागे आणि बिऱ्हाड माडीवर, अशी घरे अजून आहेत. शहरात शिकून आलेला मुलगा किंवा पुतण्या कपाटाआड पडलेला एखादा संगणक काढतो, त्याला दोन नेटवर्क कार्डे बसवतो; एका कार्डात कंपनीच्या पेटीची तार, दुसऱ्यात घरातल्या यंत्रांकडे जाणाऱ्या स्विचची. एका जोडणीवर दहा यंत्रे चालतात, टॅलीची माहिती एका जागी राहते आणि मुलांनी रात्री काय पाहावे यावर थोडा अंकुशही राहतो. यालाच गेटवे म्हणतात. आपल्या शब्दांत ती घराची वेस आहे. आतला निरोप वेशीतूनच बाहेर पडतो आणि बाहेरचे उत्तर वेशीतूनच आत येते. वेशीवरचा हा रखवालदार गोंधळला की घरात कोणालाच धड काही सुचत नाही.

दोषाच्या मागे लागण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट. मालमोटार भरून दारात उभी आहे आणि ई-वे बिल निघत नाही, किंवा महिन्याची २० तारीख आहे आणि जीएसटीआर-३बी भरायचे राहिले आहे, अशा वेळी संगणकशास्त्राचा अभ्यास करू नये. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करावा, एक संगणक त्याला जोडावा, काम उरकावे. विवरणपत्रास विलंब झाला तर दिवसाला ५० रुपये शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते; वेशीवरच्या संगणकाचा रोग उद्या सकाळी बरा केला तर काहीच लागत नाही. मात्र काम संपल्यावर तो हॉटस्पॉट आठवणीने तोडावा. का, ते पुढे येईलच.

आता पत्त्याविषयी. बँकेत ज्यांचा धनादेशांशी संबंध आला त्यांना ही गोष्ट समजावी लागत नाही. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईत नऊ आकडे छापलेले असतात. पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. क्लिअरिंगचे काम करणारा कारकून आधी पहिले तीन आकडे पाहत असे. ते आपल्याच शहराचे असले तर धनादेश स्थानिक गठ्ठ्यात जाई. दुसरे काही असले तर बाहेरगावच्या वसुलीत. संगणकाचा आयपी पत्ता असाच वाचला जातो. १९२.१६८.१.२० या पत्त्यासोबत २५५.२५५.२५५.० अशी एक पट्टी दिलेली असते, तिला सबनेट मास्क म्हणतात. ती एवढेच सांगते, की पहिले तीन भाग गावाचे आणि शेवटचा भाग घराचा. समोरच्याचे पहिले तीन भाग आपल्यासारखेच असतील तर संगणक त्याला थेट हाक मारतो. नसतील तर तो निरोप वेशीकडे सोपवतो. वसमतहून रेल्वेने नांदेडला निघा किंवा परभणीला, आधी पूर्णा जंक्शनच गाठावे लागते. पुढची गाडी कोणती ते पूर्णेला ठरते. प्रत्येक संगणकाला असे एक पूर्णा जंक्शन सांगून ठेवलेले असते. त्याचेच नाव डीफॉल्ट गेटवे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी आहेत. १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार असे काही पत्ते कोणीही आपल्या घरात, कोणालाही न विचारता वापरावेत अशी मुभा आहे. मात्र बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. त्यामुळे हट्ट्यातल्या शंभर घरांत १९२.१६८.१.१ हाच पत्ता असला तरी कोणाचे कोणाशी बिघडत नाही. बिघडते ते एकाच घरात दोन ठिकाणी तो असला की.

परिचयातल्या एका पेढीवर नेमके हेच झाले. कंपनीने जुनी पेटी काढून नवी बसवली आणि त्या क्षणापासून दुकानातले सर्व संगणक मुके झाले. नव्या पेटीच्या वाय-फायला थेट जोडलेला मोबाइल मात्र धावत होता. कंपनीचे म्हणणे, तुमचा संगणक बिघडला. पेढीचे म्हणणे, तुमची पेटी आली आणि बिघडला. थोरल्या बंधूंचा आवाज चढला होता, धाकटे नवा संगणक आणायला निघाले होते.

त्या घरी वेशीवरच्या संगणकावर विंडोजची जोडणी वाटून देण्याची सोय वापरलेली होती. ही सोय सुरू केली की आतल्या बाजूच्या कार्डाला आपोआप १९२.१६८.१३७.१ असा पत्ता मिळतो. तो लक्षात ठेवण्यास कठीण म्हणून कोणीतरी पूर्वी बदलून सुटसुटीत १९२.१६८.१.१ केला होता. जुनी पेटी १९२.१६८.०.१ या पत्त्याची होती, म्हणून इतकी वर्षे निभावले. नवी पेटी आली ती स्वतःच १९२.१६८.१.१ घेऊन. आता वेशीवरच्या संगणकाची स्थिती पाहा. त्याला सांगितलेले आहे, की बाहेर जाणारे सर्व काही १९२.१६८.१.१ कडे सोपव. आणि १९२.१६८.१.१ तर तो स्वतःच आहे!

या घटनेतला फसवा भाग असा, की चाचणी घेतली तर ती उत्तीर्ण होत होती. पिंग नावाची एक आज्ञा असते. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडीचा ठाव घेताना सोनार यंत्रातून जो ध्वनी निघतो त्यावरून तिचे नाव पडले. एखाद्या पत्त्याला हाक मारावी आणि ओ येते का ते पाहावे, एवढेच तिचे काम. वेशीवरच्या संगणकावरून १९२.१६८.१.१ ला पिंग केले की तत्काळ उत्तर येई. पेटीशी संपर्क आहे, असा निष्कर्ष सगळेच काढत. तेव्हा पेटीकडून येणारी तार उपटून बाजूला ठेवली आणि पुन्हा पिंग केले. तरीही उत्तर आले. तार नसताना पेटी कशी बोलेल? संगणक स्वतःलाच हाक मारून स्वतःच ओ देत होता. उत्तराच्या ओळीत शेवटी टीटीएल म्हणून एक आकडा असतो, तोही हेच सांगत होता. या प्रकारच्या पेट्या बहुधा ६४ हा आकडा पाठवतात, विंडोजचा संगणक १२८. तेथे १२८ दिसत होते.

उपाय दहा मिनिटांचा होता. आतल्या गावाचे नाव बदलले, १९२.१६८.५० केले. पेटीचाही पत्ता बदलता आला असता, पण पेटी कंपनीची. उद्या तिने दुरून ती पूर्वस्थितीवर आणली तर गोंधळ पुन्हा दारात. जे आपले आहे ते बदलावे. मात्र अशा बदलानंतर एक उरस्फोड राहते. ज्या यंत्रांना हाताने पत्ते लिहून दिलेले असतात, म्हणजे छपाईयंत्र, कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारा डीव्हीआर, टॅलीचा मुख्य संगणक, ती सर्व जुन्याच गावात राहतात. आमच्याकडे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, पण त्यानंतरही पाकिटांवर ‘जि. परभणी’ लिहिणारे लिहीतच होते. टपालवाले समजुतीने पत्र पोहोचवत. संगणकाकडे ती समजूत नाही. त्या पेढीवर छपाईयंत्र आणखी दोन दिवस रुसलेले होते ते याच कारणाने.

वरच्या घटनेत निरोप बाहेरच पडत नव्हता, म्हणून दोष सापडायला तुलनेने सोपा. अधिक अवघड दोष तो, ज्यात निरोप जातो, पोहोचतो, आणि उत्तर परत येत नाही. माझ्या मते घरगुती गेटवेच्या दुखण्यांत सर्वांत कमी समजलेली बाब हीच आहे. जाण्याची वाट आणि येण्याची वाट या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही.

बँकेत आंतरशाखा हिशेबाचा ताळमेळ हे एक वेगळेच खाते असे. एका शाखेने रक्कम नावे टाकली, सूचनापत्र पाठवले. दुसऱ्या शाखेने ते पाहून जमा केली, पण तिचे उलट उत्तर भलत्याच शाखेकडे गेले. पैसा पोहोचलेला, खातेदार समाधानी, आणि पहिल्या शाखेच्या वहीत मात्र ती नोंद महिनोन्‌महिने उभी. अशी उभी नोंद निकाली काढायची तर ‘आम्ही पाठवले होते’ हे कितीही वेळा सांगून उपयोग नसे. ‘तुम्ही उत्तर कोणत्या पत्त्यावर धाडले?’ हेच विचारावे लागे.

गोदामाचे उदाहरण घेऊ. मागच्या गोदामात वाय-फाय हवे म्हणून बाजारातून दुसरी पेटी आणली. तिने गोदामातल्या यंत्रांना १९२.१६८.६० हे वेगळे गाव दिले. दुकानाच्या बाजूला तिचा पत्ता १९२.१६८.५०.२. वजनकाट्याजवळच्या संगणकाने दुकानाच्या संगणकाला, म्हणजे १९२.१६८.५०.२० ला, निरोप पाठवला. पेटीला दुकानाचे गाव ठाऊक आहे. निरोप बिनचूक पोहोचला. दुकानाच्या संगणकाने उत्तर लिहिले, पत्ता १९२.१६८.६०.५. हे आपले गाव नव्हे, म्हणून त्याने ते वेशीवर सोपवले. वेशीवरच्या संगणकाने आपली वही पाहिली. ६० नावाचे गाव वहीत नाही. वहीत नाही ते सर्व बाहेर, या नियमाने त्याने ते उत्तर कंपनीकडे ढकलले. खाजगी पत्ता बाहेर चालत नाही, तेव्हा तेथे ते टाकून दिले गेले. ज्या गोदामाची भिंत दुकानाला लागून आहे तेथे जायचे उत्तर गावाबाहेर जाऊन नष्ट झाले! काट्यावरचा मुलगा म्हणतो, ‘दुकानाचा संगणक बंद आहे’. दुकानातला म्हणतो, ‘मी तर चालू आहे’. दोघेही खरे.

यात आणखी एक गंमत आहे. उत्तर आले नाही की पाठवणारा संगणक तोच निरोप पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो. जुन्या सराफी व्यवहारात हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून देत, तीही गहाळ झाली तर परपेठ, तसेच हे. त्यामुळे पडद्यावर ‘दोष’ असा शब्द लगेच येत नाही, नुसते चक्र फिरत राहते, आणि घरातले लोक ‘नेट मंद आहे’ असे निदान करून कंपनीकडे अधिक वेगाची जोडणी मागतात. अधिक पैसे भरून रस्ता रुंद होतो. नसलेला रस्ता निर्माण होत नाही.

वेशीवरच्या संगणकाची ही वही प्रत्यक्ष पाहता येते. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘रूट प्रिंट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकली की ती उघडते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. पण रोजमेळ वाचणाऱ्याला घाबरण्यासारखे तीत काही नाही. प्रत्येक ओळीत गाव, त्याची पट्टी, कोणाकडे सोपवायचे, कोणत्या कार्डातून, आणि शेवटी मेट्रिक नावाचा एक आकडा. ०.०.०.० अशी जी ओळ असते ती ‘बाकी सर्व’ची. गोदामाच्या उदाहरणात या वहीत एकच ओळ वाढवायची असते: ६० चे गाव, सोपवा ५०.२ कडे. ‘रूट ॲड’ आज्ञेने ती वाढते. परंतु आज्ञेला ‘पी’ ही खूण जोडली नाही तर ती ओळ पेन्सिलीने लिहिल्यासारखी असते. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पुसली जाते. जेथे दिवसातून चार वेळा वीज जाते तेथे ‘दुरुस्त केले होते, पुन्हा बिघडले’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. ‘पी’ जोडली की नोंद शाईने होते.

माझे मत विचाराल तर त्या गोदामाला वेगळे गाव करण्याची गरजच नव्हती. नव्या पेटीतली पत्ते वाटण्याची सोय बंद करावी, तिला आतल्या गावातला एक रिकामा पत्ता द्यावा आणि येणारी तार तिच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकाऐवजी ‘लॅन’च्या भोकात घालावी, गोदाम दुकानाच्याच गावात येते आणि वहीत एकही ओळ वाढत नाही. मात्र पत्ते वाटणे बंद न करता नुसती तार हलवली, तर त्याहून वाईट दुखणे उद्भवते. मग घरात पत्ते वाटणारे दोन मुनीम होतात. ज्याला वेशीवरच्या मुनीमाने पत्ता दिला त्याचे चालते, ज्याला नव्या पेटीने दिला त्याला ती पेटी आपणच वेस असल्याचे सांगते, आणि त्याचे अडते. सकाळी जो संगणक चालत होता तो दुपारी अडतो, दुपारचा संध्याकाळी चालतो. अशा लहरी वागण्याने माणसे हैराण होतात, पण निदान सोपे आहे. अडलेल्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी आणि डीफॉल्ट गेटवेसमोर कोणाचा पत्ता आहे ते पाहावे. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कोणत्याच मुनीमाने त्याला दारात उभे केलेले नाही; त्याने स्वतःच स्वतःला क्रमांक देऊन घेतला आहे.

आता हॉटस्पॉटकडे परत येऊ. वेशीवरच्या संगणकाला फायबरची पेटी आणि मोबाइल, असे दोन बाहेरचे रस्ते एकाच वेळी जोडले, की त्याच्या वहीत ०.०.०.० च्या दोन ओळी होतात. कोणती वापरायची ते मेट्रिकवरून ठरते. ज्याचा आकडा लहान तो रस्ता. एक बंद पडला की दुसरा आपोआप सुरू होईल, या भरवशावर पुष्कळांनी दोन जोडण्या घेतलेल्या आहेत. तो भरवसा अर्धाच खरा आहे. पेटीची तार तुटली किंवा पेटी बंद पडली तर संगणकाला कळते. परंतु पेटी चालू आहे, दिवा हिरवा आहे आणि दोष तिच्या पुढे, रस्त्याच्या खोदकामात तुटलेल्या तारेत आहे, तर संगणकाला ते समजण्याचा काही मार्ग नाही. तो इमानेइतबारे प्रत्येक निरोप पेटीकडे देत राहतो आणि पेटी तो विहिरीत टाकत राहते. अशा वेळी दोन जोडण्या असूनही दुकान अंधारात. पेटीची तार हाताने उपटली की क्षणात मोबाइलवरून काम सुरू होते; घरच्यांना हा चमत्कार वाटतो. याच्या उलट चूक म्हणजे आतल्या कार्डाच्या रकान्यात ‘डीफॉल्ट गेटवे’ भरून ठेवणे. रकाना रिकामा दिसला की तो भरावा, ही हिशेबी माणसाची सवय येथे घात करते. आतल्या कार्डाचा तो रकाना रिकामाच हवा. वेशीला घरात जाण्यासाठी आणखी एक वेस लागत नाही.

दोष घरात आहे की बाहेर, हे ठरवण्यासाठी जवळून दूर जावे. अडलेल्या संगणकावरून आधी वेशीच्या आतल्या पत्त्याला पिंग, मग कंपनीच्या पेटीला, मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. तिन्हीकडून उत्तर येत असून संकेतस्थळे उघडत नसतील तर वाट शाबूत आहे. नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, अडली आहे. तो वेगळा रोग, त्याला वेगळे औषध. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुष्कळ संकेतस्थळे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ पिंगला बोलले नाही, एवढ्यावरून वाट बंद आहे असे म्हणता येत नाही.

‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा याहून बोलकी. प्रत्येक निरोपावर टीटीएलचा आकडा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो; शून्य झाला की तो निरोप रद्द होतो आणि ज्याच्या हातात तो रद्द झाला तो तसे कळवतो. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, हे वाचकांना आठवत असेल; येथे मुदत टप्प्यांत मोजली जाते. ट्रेसर्ट मुद्दाम एक, मग दोन, मग तीन अशा मुदतीचे निरोप पाठवते आणि वाटेतल्या टप्प्यांची नावे काढून घेते. पहिल्या ओळीत आपली वेस, दुसऱ्या ओळीत कंपनीची पेटी, पुढे कंपनीचे जाळे, असा क्रम हवा. मधल्या एखाद्या ओळीत चांदण्या दिसल्या आणि त्यापुढच्या ओळी नीट आल्या, तर काळजी नको. तो टप्पा निरोप पुढे नेतो, फक्त स्वतः बोलत नाही. दोन पत्ते आळीपाळीने तिसाव्या ओळीपर्यंत येत राहिले, तर मात्र दोन यंत्रे एकमेकांकडे बोट दाखवत आहेत. गोदामाची पेटी बदलून तिचे गाव ६१ झाले आणि वेशीच्या वहीत ६० चीच ओळ राहिली, की हे होते. पेटी म्हणते, ६० माझे नव्हे, वेशीला विचारा. वेस म्हणते, पेटीला विचारा. टीटीएल नसता तर तो निरोप अखंड फिरत राहिला असता.

वहीतली एक चुकीची ओळ किती अनर्थ करू शकते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चे आहे. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला. तेथील दूरसंचार कंपनीने आपल्या वहीत यूट्यूबच्या पत्त्यांची एक ओळ घातली, की हे सर्व आमच्याकडे, आणि येथे टाकून द्या. ती ओळ देशापुरती राहायला हवी होती. ती बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे गेली आणि तिने जगाला सांगितली. यूट्यूबची स्वतःची ओळ १०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती, पाकिस्तानची २५६ पत्त्यांच्या लहान गटाची. मार्ग निवडण्याचा नियम असा, की दोन ओळी लागू पडत असतील तर अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची ओळ खरी. सुमारे दोन तास जगभरचे यूट्यूब-प्रेक्षक पाकिस्तानच्या त्या विहिरीकडे वळले. आपल्या वेशीवरही हाच नियम चालतो. एखादी जुनी, नेमकी ओळ वहीत राहून गेली असेल तर ०.०.०.० ची ओळ कितीही बरोबर असली तरी संगणक त्या नेमक्या ओळीचेच ऐकतो. म्हणून कधीकाळी कोणी घातलेल्या, आज कोणालाच अर्थ न सांगता येणाऱ्या ओळी वहीत ठेवू नयेत.

काही दोष घरात सुटतच नाहीत, हेही ओळखावे. पुण्याला गेलेल्या मुलाला तेथून दुकानाचे कॅमेरे थेट दिसत नाहीत, घरी सर्व काही ठीक आहे, तर कंपनीच्या पेटीला बाहेरच्या बाजूने कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहावे. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांमध्ये एकच खरा पत्ता वाटला आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा आशिया-प्रशांत विभागातला मोकळा साठा १५ एप्रिल २०११ रोजी अखेरच्या राखीव गटापर्यंत आला, तेव्हापासून कंपन्यांना ही काटकसर अपरिहार्य झाली. अशा जोडणीत घरातून बाहेर जाता येते, बाहेरून घरात थेट येता येत नाही. वेशीवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्वतंत्र स्थिर पत्ता पैसे भरून मागावा, किंवा कॅमेरा-कंपनीची स्वतःची सोय वापरावी.

आणि आता जे सांगण्यासाठी हा विषय मुख्यतः घेतला ते. नेट अडले, माल दारात, माणूस चिडलेला. अशा वेळी मोबाइलवर ‘मदत क्रमांक’ शोधला जातो आणि जो पहिला सापडेल त्याला फोन लागतो. पलीकडचा गृहस्थ अतिशय नम्र असतो. तो एक ॲप घ्यायला सांगतो, त्यातला आकडा विचारतो, आणि आपला पडदा त्याच्या हातात जातो. पुढे ‘दहा रुपये भरून तपासू’ असे म्हणून बँकेचे पान उघडायला लावतो. वाट तर तो दुरुस्त करत नाहीच, खाते रिकामे करतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला पुष्कळ संरक्षण दिले; परंतु पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच, असेही त्यातच म्हटले आहे. कंपनीचा क्रमांक आपल्या बिलावर छापलेला असतो, तोच लावावा. पडदा कोणाच्याही हाती देऊ नये, विशेषतः ज्या संगणकावर टॅली आणि बँक दोन्ही आहेत त्याचा. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासातले कळवणे आणि दुसऱ्या दिवशीचे कळवणे यांत फार अंतर पडते.

ज्यांच्याकडे असा संगणक आहे त्यांनी सर्व सुरळीत असताना एक कागद लिहून त्याच्या पेटीवर चिकटवावा: बाहेरच्या कार्डाचा पत्ता, आतल्या कार्डाचा पत्ता, कंपनीच्या पेटीचा पत्ता, हाताने पत्ता दिलेल्या यंत्रांची यादी, आणि ‘पी’ लावून वाढवलेल्या ओळी, तारखेसह. बसवणारा पुतण्या नोकरीला बंगळुरूला गेला तरी कागद घरी राहतो. त्याच कागदावर वीज परत आल्यानंतरचा क्रमही लिहावा. आधी कंपनीची पेटी सुरू करावी आणि तिचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. मग वेशीवरचा संगणक. तो पूर्ण सुरू झाल्यावर स्विच आणि गोदामाची पेटी. आणि शेवटी बाकीची यंत्रे. सर्व बटणे एकदम दाबली तर वेस पेटीच्या आधी जागी होते, तिला पत्ता द्यायला कोणी नसते, आणि १६९.२५४ घेऊन ती सकाळभर तशीच बसून राहू शकते.